चुकभूल द्यावी घ्यावी

परवां संध्याकाळीं कॉलेजांतील माझ्या खोलींत उत्तरपत्रिकांचा ढीग पुढें घेऊन मी बसलों होतों. उत्तरपत्रिका तपासण्याचें काम असें आहे कीं त्यांत कोणीं व्यत्यय आणला तर राग येण्याऐवजीं कृतज्ञताच वाटते. त्यामुळें दारांतून "सर, आंत येऊं का?" असा आवाज आला तेव्हां मीं लाल पेन्सिल मोठ्या उत्साहानें खालीं ठेवली. आलेली मुलगी शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी. गेले चार महिने ती माझ्या देखरेखीखालीं एक प्रकल्प करीत होती. तिच्या हातांत निळ्या बांधणीचें एक जाडसर पुस्तक होतें, आणि तें ओळखतांच माझा उत्साह मावळला. कारण तो १९९६ सालीं मीं लिहिलेला माझाच प्रबंध होता. त्याची एक प्रत मीं कॉलेजच्या ग्रंथालयाला भेट दिली होती. इतकीं वर्षें तिला कोणीं हात लावला नव्हता, आणि माझ्या ग्रंथदानाच्या या गतीवर मी मनांतून संतुष्टच होतों.

"सर, ८७ व्या पानावर हा ०.६२ आहे, तो कोठून आला?" तिनें विचारलें.

मीं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "उद्यां ये," मी म्हणालों, "जरा पाहून सांगतों."

प्राध्यापकाला एखादी गोष्ट ठाऊक नसली म्हणजे तो 'उद्यां ये' म्हणतो, हें विद्यार्थ्यांना माहीत असतें. ती फार चांगली ठाऊक असली तरीहि कधीं कधीं तो तेंच म्हणतो, हें मात्र त्यांना माहीत नसावें. पाहण्यासारखें कांहींच नव्हतें. तो आंकडा कोठून आला हें जगांत एकट्या मला ठाऊक होतें.

त्याची हकीकत सांगायची तर आधीं माझ्या विषयाची थोडी ओळख करून द्यायला हवी. वाचकांनीं भिऊं नये. एकहि समीकरण मी येथें लिहिणार नाहीं.

दोन कांचांची एक उभी चपटी पेटी करावी, तिच्यांत बारीक भुकटी भरावी आणि बुडाच्या सच्छिद्र पत्र्यांतून हळूहळू हवा वर सोडावी. हवा थोडी असेल तोंवर ती कणांमधल्या फटींतून निमूटपणें वाट काढते. वेग वाढवीत गेलें म्हणजे एक क्षण असा येतो कीं वर जाणाऱ्या हवेची ओढ आणि कणांचें वजन यांची बरोबरी होते, आणि ती निर्जीव भुकटी एकाएकीं पाण्यासारखी वागूं लागते. पेटी कलती केली तरी तिचा पृष्ठभाग आडवाच राहतो. लांकडाचा तुकडा तिच्यावर तरंगतो, लोखंडाची गोळी बुडते. बाजूस भोंक पाडलें तर धार लागते. हवा आणखी वाढविली कीं बुडबुडे उठतात, आणि पातेल्यांत आमटी खदखदावी तशी ती भुकटी खदखदूं लागते. पहिल्यानें हें दृश्य पाहिलें तेव्हां मी बावीस वर्षांचा होतों, आणि पुढचें सबंध आयुष्य त्यापायीं देऊन टाकायला मी त्या क्षणीं तयार होतों. तसें तें दिलें मात्र गेलें नाहीं. त्यांतील बरेंचसें उत्तरपत्रिकांकडे गेलें.

सगळ्याच भुकट्या अशा वागत नाहींत. १९७३ सालीं गेल्डार्ट नांवाच्या संशोधकानें त्यांच्या चार जाती लावून दिल्या. त्या प्रथम वाचल्या तेव्हां मला आमच्या आईच्या स्वयंपाकघरांतील डब्यांची फळी आठवली. मैदा ही त्यांतील हट्टी जात. कण इतके बारीक कीं एकमेकांना सोडीत नाहींत, हवा भेगा पाडून निघून जाते आणि पीठ ढिम्म हालत नाहीं. गहूं ही अगदीं दुसऱ्या टोकाची जात. दाणे मोठे आणि जड, त्यांच्या मधून हवा कारंज्यासारखी उसळते. भडभुंज्याच्या कढईंतील वाळू ही मधली. तरंगूं लागतांच ती बुडबुडे काढते. चौथी जात घरांत सांपडत नाहीं, पण आपल्या मोटारींत जें पेट्रोल जातें त्यांतील पुष्कळसें तिच्या संगतींत तयार झालेलें असतें. जड तेल फोडून पेट्रोल करणारा या पद्धतीचा पहिला मोठा कारखाना १९४२ सालीं अमेरिकेंत बॅटन रूज येथें सुरू झाला. मुंबईस माहुलच्या शुद्धीकरण कारखान्यांतहि तीच युक्ति आहे. या जातीच्या माझ्या भुकटीचा कण सुमारें सत्तर मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या चौदाव्या हिश्शाएवढा. तो नुसता उडत नाहीं. त्याच्या अंगावर रासायनिक क्रिया घडते. हवा वर चालली आहे, भुकटी वरखालीं होत आहे, आणि त्या गडबडींत एका पदार्थाचा दुसरा पदार्थ होत आहे, असा तो सगळा प्रकार असतो.

कोट्यवधि रुपये खर्चून कारखाना बांधावा आणि मग तो चुकला असें कळावें, त्यापेक्षां हें सारें आधींच संगणकावर घडवून पाहावें, ही माझ्या विषयाची हांव आहे. इंग्रजींत त्याला सिम्युलेशन म्हणतात. मी त्याला आंकड्यांची प्रतिकृति म्हणतों. त्याचीं साधनें जुनींच आहेत. वाहत्या पदार्थांचीं समीकरणें नाव्हिए यानें १८२२ सालीं मांडलीं आणि स्टोक्सनें १८४५ सालीं तीं नीट बसविलीं. उष्णतेबरोबर रासायनिक क्रियेचा वेग कसा वाढतो याचा नियम अऱ्हेनियसनें १८८९ सालीं दिला. अडचण आहे ती संख्येची. माझ्या भुकटीच्या एका लिटरांत सुमारें ३०० कोटी कण असतात. एकेकाचा हिशेब ठेवूं म्हटलें तर जन्म पुरायचा नाहीं. म्हणून भुकटी हा हवेंत मिसळलेला दुसरा एक द्रवच आहे अशी कल्पना करतात. चित्रकार मोठें चित्र उतरवून घेतांना चौकोन आंखतो तशीं पेटीचीं लहान लहान घरें पाडतात, आणि प्रत्येक घरांत हवा किती, भुकटी किती, कोण किती वेगानें कोणीकडे चाललें आहे, कोणता वायु किती उरला आहे, हें लिहून ठेवतात. मग सेकंदाच्या अगदीं सूक्ष्म हिश्शानें काळ पुढें सरकवावयाचा आणि सगळीं घरें पुन्हा भरावयाचीं. या पद्धतीची सविस्तर माहिती मॉर्गनटाऊन येथील अमेरिकन सरकारच्या ऊर्जा-प्रयोगशाळेनें १९९३ सालीं प्रसिद्ध केली होती. तिची झेरॉक्स प्रत उशाशीं घेऊन मीं दोन वर्षें काढलीं.

या सुंदर व्यवस्थेंत एक जागा मात्र अशी आहे कीं तेथें मूळ नियम हात टेकतात. ती म्हणजे हवा आणि भुकटी यांची एकमेकांवरील ओढ. एकटा कण हवेंतून पडत असेल तर गणित सोपें. गर्दींतल्या कणाला किती ओढ लागते हें मोजूनच ठरवावें लागतें. एर्गुन यानें १९५२ सालीं दिलेल्या सूत्रांत १५० आणि १.७५ असे दोन आंकडे आहेत. ते कोठून आले? मोजमापांतून, आणि तसें त्यानें सांगितलेलें आहे. त्यांत कमीपणा कांहींच नाहीं. प्रत्येक शास्त्राच्या तळघरांत असे मोजून आणलेले आंकडे ठेवलेले असतात.

माझी पेटी दहा सेंटिमीटर रुंद आणि एक मीटर उंच होती, आणि मीं तिचीं एकेक सेंटिमीटरचीं हजार घरें पाडलीं होतीं. शेजारच्या प्रयोगशाळेंत माझा एक वडील सहाध्यायी खऱ्या पेटींत खरी भुकटी उडवीत असे. हवेंत थोडा ओझोन मिसळून तो भुकटीवर किती फुटतो आणि किती बुडबुड्यांतून फुकट निसटून जातो, हें तो मोजी. त्याचीं मोजमापें आणि माझे आंकडे जुळावेत अशी योजना होती. संस्थेच्या संगणकावर माझा एक हिशेब पुरा व्हायला चार दिवस लागत. आणि चार दिवसांनीं उत्तर येई तें असें कीं माझी भुकटी त्याच्या भुकटीच्या दीडपट उंच फुगली आहे! मीं प्रोग्रॅम ओळीओळीनें तपासला. चूक सांपडेना. पुन्हा चार दिवस, पुन्हा तेंच. पावसाळा असा गेला. प्रबंध देण्याची तारीख जवळ आली, घरीं बहिणीचें लग्न ठरलें, नोकरीचें पत्र हातांत पडलें, आणि माझी भुकटी कांहीं केल्या खालीं बसेना.

शेवटीं एका रात्रीं मीं ओढीच्या सूत्राला एका आंकड्यानें गुणलें. आधीं ०.८ घेतला, चार दिवसांनीं भुकटी थोडी उतरली. मग ०.५, तेव्हां ती जरा जास्तच बसली. ०.६२ ला माझी रेषा त्याच्या सगळ्या ठिपक्यांतून अशी अलगद गेली कीं सुईंतून दोरा जावा. ओझोनचा आंकडाहि जवळपास आला. मला आनंद झाला, हें मी कबूल करतों. त्या रात्रीं लाज वाटली नाहीं. ती पुढें हप्त्याहप्त्यानें आली. प्रबंधांत मीं लिहिलें कीं येथें ०.६२ हा गुणक घेतला आहे, आणि प्रतिकृति व प्रयोग यांचा मेळ उत्तम आहे. दोन्ही वाक्यें खरीं आहेत. त्यांच्या मधलें तिसरें वाक्य मीं लिहिलें नाहीं. मार्गदर्शकांनीं पान उलटलें. परीक्षकांनीं पाठ थोपटली.

माझे वडील तालुक्याच्या गांवीं एका दुकानांत हिशेबनीस होते. दिवसभर दुसऱ्याचा हिशेब लिहून हा गृहस्थ कंटाळत नसे. रात्रीं जेवणें झालीं कीं घरच्या जमाखर्चाची वही घेऊन बसे. मी दहा-अकरा वर्षांचा असतांना किराणा आणण्याचें काम माझ्याकडे होतें. एके रात्रीं चाळीस पैशांचा मेळ बसेना. बाबांनीं तीनदां बेरीज केली. मला झोप येत होती, आणि त्याहूनहि दुसऱ्या कांहीं कारणानें तो विषय लौकर संपावा असें वाटत होतें. मीं सुचविलें, "बाबा, साखर चाळीस पैशांनीं महाग लिहा ना."

त्यांनीं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलें. "अरे, मग साखरेचाहि भाव खोटा होईल, आणि चाळीस पैसे कोठें गेले तें कधींच कळणार नाहीं."

त्यांनीं खालीं 'तफावत ०.४०' असें लिहिलें, आणि पानाच्या तळाशीं नेहमींप्रमाणें 'चुकभूल द्यावी घ्यावी'. चाळीस पैसे कोठें गेले होते हें मला पक्कें ठाऊक होतें. त्यांच्या लिमलेटच्या गोळ्या झाल्या होत्या, आणि त्यांतील शेवटची अजून माझ्या खिशांत होती.

०.६२ ही माझी साखर होती. फॉन नॉयमान हा मोठा गणिती म्हणत असे म्हणे, कीं मला चार स्थिरांक द्या, मी हत्ती काढून दाखवितों. पांचवा द्याल तर त्याची सोंडहि हालवून दाखवीन. २०१० सालीं तिघां संशोधकांनीं चार संमिश्र संख्या वापरून खरोखरच हत्तीची आकृति काढली. माझ्यापाशीं एकच स्थिरांक होता, तेव्हां हत्ती नव्हे, फार तर उंदीर. पण तो मीं जिवंत म्हणून विकला होता.

त्या रात्रीं झोप येईना तेव्हां मला रिचर्डसनची आठवण झाली. लुइस फ्राय रिचर्डसन हा आमच्या विषयाच्या आद्य पुरुषांपैकीं एक. क्वेकर पंथाचा असल्यानें शस्त्र धरावयाचें नाहीं, म्हणून पहिल्या महायुद्धांत हा इंग्रज शास्त्रज्ञ फ्रान्समध्यें जखमी सैनिकांची गाडी हांकीत होता. आघाडीमागच्या थंड मुक्कामांत, गवताच्या ढिगाचें टेबल करून, त्यानें हवेचीं समीकरणें हातानें सोडविलीं. हवा, तींतील वाफ, ढगांतले जलबिंदु. त्याचाहि प्रवाह माझ्यासारखाच सरमिसळीचा, फक्त त्याच्या पेटींत मध्य युरोपचा मुलूख होता. २० मे १९१० या होऊन गेलेल्या दिवसाच्या नोंदी घेऊन पुढच्या सहा तासांत जर्मनींतील एका जागीं हवेचा दाब किती बदलावा हें त्यानें काढलें. सहा तासांच्या त्या भाकिताला सुमारें सहा आठवडे लागले. उत्तर आलें, १४५ मिलिबार! प्रत्यक्षांत त्या दिवशीं दाब जवळजवळ जागचा हालला नव्हता.

१९१७ सालीं शँपेनच्या लढाईंत त्याचें हस्तलिखित हरवलें, आणि कांहीं महिन्यांनीं बेल्जममध्यें कोळशाच्या ढिगाखालीं सांपडलें. माझ्यासारख्याला ही केवढी सोय वाटली असती! कोळशांत गेलेला हिशेब परत आला तरी तो आतां नीट करून लिहावयास हरकत कोणाची होती? सहा आठवड्यांची आंकडेमोड तपासायला कोण बसणार होतें? रिचर्डसननें १९२२ सालीं पुस्तक छापलें, त्यांत तें चुकलेलें भाकीत सगळ्या आंकड्यांसकट छापलें, आणि सुरुवातीच्या वाऱ्याच्या नोंदींत दोष असावा असें आपलें मत दिलें. पुढें कित्येक दशकांनीं पीटर लिंच या आयरिश हवामानशास्त्रज्ञानें तोच हिशेब संगणकावर पुन्हा केला; आरंभींच्या आंकड्यांतील खडबड तेवढी गाळली, आणि उत्तर अगदीं माफक, विश्वास बसावा असें आलें. सगळे आंकडे जसेच्या तसे छापलेले होते म्हणूनच लिंचला हें करतां आलें. माझ्या प्रबंधावरून असें कांहीं करूं म्हणणाऱ्याला ८७ व्या पानावर भिंत लागते.

दुसऱ्या दिवशीं ती आली. मीं तिला बसायला सांगितलें आणि सारें सांगितलें. लिमलेटच्या गोळ्या तेवढ्या वगळल्या. ती रागावेल, निदान तिच्या चेहऱ्यावर कांहींतरी उमटेल, अशी माझी अपेक्षा होती. ती म्हणाली, "मला तसेंच वाटलें होतें, सर." आणि पिशवींतून दोन कागद काढले. माझा ०.६२ एका दुसऱ्या संस्थेंतील विद्यार्थ्याच्या प्रबंधांत गेला होता, आणि तेथून तिसऱ्याच्या. तिसऱ्यानें चपटी पेटी टाकून मोठें नळकांडें घेतलें होतें, घरें दुप्पट मोठीं पाडलीं होतीं, तरी आंकडा तोच. खालीं माझें नांव, आणि 'प्रयोगानें सिद्ध झालेला' असे शब्द. खोट्या भावाची साखर दुसऱ्यांच्या वह्यांत लिहिली गेली होती. मला घाम फुटला.

"पण मग सर, खरें कारण काय होतें?" तिनें विचारलें. तिला माझ्या पापापेक्षां त्या भुकटींत अधिक रस होता, आणि हें मला कांहींसें लागलें.

खरें कारण आतां पुष्कळांना ठाऊक आहे. जत्रेंतली गर्दी सगळ्या मैदानावर सारखी पसरलेली असली तर तिच्यांतून जातांना जीव मेटाकुटीस येतो. तींच माणसें घोळक्याघोळक्यानें उभीं असलीं तर मधून वाट मिळते. बारीक भुकटीचे कण असेच घोळके करतात आणि हवा त्यांना वळसा घालून जाते. म्हणून प्रत्यक्ष ओढ कमी लागते. माझें घर एका सेंटिमीटरचें. त्यांतील घोळके मला दिसतच नव्हते. भुकटी घरभर सारखी पसरली आहे असें धरून मी तिला नसती ओढ लावीत होतों, म्हणून ती फुगत होती. ०.६२ हा भुकटीचा गुण नव्हताच. माझ्या जाळ्याच्या भोंकांचा होता. घर एका मिलिमीटरचें केलें असतें तर घरें शंभरपट झालीं असतीं, काळाचीं पावलेंहि दहापट बारीक करावीं लागलीं असतीं. चार दिवसांचें काम चार हजार दिवसांचें, म्हणजे अकरा वर्षांचें झालें असतें. बहीण अकरा वर्षें थांबली नसती. पण 'घरें मोठीं आहेत, कदाचित् दोष त्यांत असेल' एवढें एक वाक्य लिहायला अकरा वर्षें लागत नव्हतीं.

तिच्याजवळ आज मॉर्गनटाऊनचाच 'एमफिक्स' हा प्रोग्रॅम आहे. तो कोणालाहि विनामूल्य मिळतो, आणि त्याची ओळ न् ओळ उघडून पाहतां येते. माझा गुणक काढून टाकून, एक मिलिमीटरचीं घरें पाडून, तिनें तो हिशेब कॉलेजच्या यंत्रावर लावला. सहाव्या दिवशीं सकाळीं ती कागद घेऊन आली. भुकटी खालीं बसली होती. कोणीं न दाबतां बसली होती. पण अगदीं ठिपक्यांवर नाहीं. तिची उंची मोजलेल्या उंचीपेक्षां आठ टक्के अधिक होती.

"सर, या आठ टक्क्यांचें काय करूं?"

माझ्या डोळ्यांपुढून क्षणभर ०.९४ हा आंकडा तरळून गेला. जुनी खोड.

"लिही," मी म्हणालों. "तफावत आठ टक्के. कारण कळलेलें नाहीं."

तिनें तेथेंच उभ्या उभ्या तें लिहून घेतलें. त्याच दुपारीं, ज्यांच्या प्रबंधांत माझा आंकडा गेला होता त्या दोघांनाहि मीं पत्रें धाडलीं, आणि ग्रंथालयांत जाऊन माझा प्रबंध मागून घेतला. ८७ व्या पानाच्या समासांत, राहिलेलें तिसरें वाक्य मी शाईनें लिहीत होतों. अक्षर जरा मोठें आलें. समास पुरेना, म्हणून खालच्या कडेनें वळवावें लागलें. मान वर करतों तों आमचे ग्रंथपाल समोर उभे. भिंतीवरच्या पाटीकडे त्यांनीं नुसतें बोट दाखविलें. पुस्तकांत लिहिणाऱ्यास पन्नास रुपये दंड.

"अहो, पण हें पुस्तक मींच लिहिलेलें आहे," मी म्हणालों.

"तें खरें, सर," ते म्हणाले, "पण आपण तें आम्हांला देऊन टाकलें आहे."

मीं पन्नास रुपये भरले आणि पावती मागून घेतली.